वेताळाचे प्रश्न आणि राजाचे मौन

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



शताब्दी वर्षाच्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. ‘माझे आवडते पुस्तक आणि जीवनमूल्ये’ असा विषय कार्यवाहांनी मला सुचवला. मराठीचा अध्यापक म्हटल्यावर तो अशा प्रसंगी ज्ञानेश्वरीकडे किंवा तुकोबांच्या गाथेकडे वळेल, अशी अपेक्षा असणे स्वाभाविकच आहे. त्या ग्रंथांचे ऋण मी जाणतोच. परंतु योग्य काय, अयोग्य काय, हा प्रश्न माझ्या मनात प्रथम ज्या पुस्तकाने उभा केला त्याचे नाव प्रामाणिकपणे सांगायचे, तर मला एका अद्भुतकथांच्या मालेकडे वळावे लागेल. ती माला वेताळपंचविशीची. म्हणजे आज मी आपल्यासमोर एका भुताने सांगितलेल्या नीतिकथांविषयी बोलणार आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना वेताळ भेटला तो ‘चांदोबा’ मासिकातून. १९४७ च्या जुलै महिन्यात मद्रासमध्ये ‘चंदामामा’ सुरू झाले आणि १९५२ मध्ये त्याची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने निघू लागली. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, आणि स्मशानातून पुढे चाललेला राजा हे शंकर या चित्रकाराने रेखाटलेले चित्र पाहिले नाही, असे मराठी घर त्या काळी विरळाच. मूळच्या पंचवीस कथा संपल्यावरही मासिकाने नव्या कथा त्याच चौकटीत बसवल्या आणि ही माला पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवली. पुढे १९८५ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ ही मालिका आली आणि ज्यांनी ‘चांदोबा’ वाचला नव्हता, त्यांच्याही घरात वेताळ शिरला. ते मासिक आता निघत नाही. वेताळ मात्र अजून झाडावर आहे.

या कथांचे वय मोठे आहे. अकराव्या शतकात काश्मीरचा राजा अनंत याची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनासाठी सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला. त्याच्या शशांकवती लंबकात वेताळाच्या या कथा येतात. सोमदेव आपल्या ग्रंथाचे मूळ गुणाढ्याच्या पैशाची भाषेतील ‘बृहत्कथे’त असल्याचे सांगतो. वेताळकथा त्या लुप्त ग्रंथात होत्या की नव्हत्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. या कथा शिवदास आणि जंभलदत्त यांनीही स्वतंत्रपणे संस्कृतात सांगितल्या. अर्वाचीन काळात कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातून १८०५ साली ‘बैताल पचीसी’ निघाली, १८४७ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी ती बंगालीत नेली, आणि आपल्याकडे सदाशिव काशीनाथ छत्रे यांची मराठी ‘वेताळपंचविशी’ १८३० सालची आहे. मराठी मुद्रित गद्याच्या अगदी पहिल्या वाटचालीत हा वेताळ आपल्या सोबतीला होता, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

येथे माळव्यात बसून आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह मला आवरत नाही. आपण सारे या कथेच्या नायकाला उज्जयिनीचा विक्रमादित्य म्हणून ओळखतो. सोमदेवाचा राजा मात्र त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी गोदातीरीचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. कथेच्या प्रवासात गोदातीरीचा राजा शिप्रातीरी आला आणि येथलाच होऊन गेला. आपले पूर्वजही असेच महाराष्ट्रातून निघून होळकरांच्या या इंदूर नगरीत आले आणि येथलेच झाले. त्यामुळे या राजाविषयी आपल्याला थोडी अधिक आपुलकी वाटली, तर त्यात नवल नाही.

आता कथेची चौकट थोडक्यात सांगतो. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू दहा वर्षे रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. एके दिवशी ते फळ माकडाच्या हाती लागते, ते फोडते, आणि त्यातून रत्न निघते. इतकी वर्षे आलेल्या प्रत्येक फळात रत्न होते, हे तेव्हा उघडकीस येते. राजा कारण विचारतो. भिक्षू सांगतो, मला एका मंत्रसाधनेसाठी वीर पुरुषाचे साहाय्य हवे आहे. राजा शब्द देतो. कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात गेल्यावर भिक्षू त्याला दूरच्या शिंशपा वृक्षावर लटकणारे प्रेत आणायला पाठवतो. त्या प्रेतात वेताळ वसलेला असतो. वाट सरावी म्हणून तो कथा सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल, आणि बोलला तर मौन मोडल्यामुळे वेताळ पुन्हा झाडावर जाईल, असा तो पेच आहे.

या मालेचे पहिले वैशिष्ट्य तिच्या प्रश्नांच्या स्वरूपात आहे. नेहमीच्या नीतिकथेत एक चांगला असतो, एक वाईट असतो, आणि कोणाची बाजू घ्यायची हे बाळालाही कळते. वेताळाच्या उत्तम कथांत असे नसते. तेथे दोघे-तिघे चांगलेच वागलेले असतात आणि वेताळ विचारतो, यांत श्रेष्ठ कोण? सत् आणि असत् यांतील निवड आपण निदान तत्त्वतः तरी सहज करतो. खरी कसोटी लागते ती एक सद्‌गुण दुसऱ्या सद्‌गुणाशेजारी ठेवून तोलताना. त्यासाठी तराजू कोणता वापरायचा, हे राजाच्या उत्तरांतून कळत जाते.

मदनसेनेची कथा घ्या. धर्मदत्त नावाचा तरुण तिच्यावर आसक्त आहे, पण तिचा विवाह समुद्रदत्ताशी ठरलेला आहे. धर्मदत्ताच्या आग्रहातून सुटण्यासाठी ती वचन देते, की विवाह झाल्यावर पतीजवळ जाण्याआधी मी तुझ्याकडे येईन. विवाहाच्या रात्री ती हे पतीला सांगते. तो म्हणतो, जा. वाटेत चोर तिला अडवतो. ती परत येण्याचा शब्द देते आणि तो तिला सोडतो. धर्मदत्त तिला परस्त्री मानून स्पर्शही न करता परत पाठवतो. ती शब्दाप्रमाणे चोरापुढे उभी राहते, आणि चोर तिला अंगावरच्या अलंकारांसह जाऊ देतो. या तिघांत उदार कोण? राजा म्हणतो, चोर. पतीला कळून चुकले होते, की हिचे मन दुसरीकडे गुंतले आहे. तिला अडवून त्याच्या हाती काय लागणार होते? धर्मदत्ताची आसक्ती काळाने ओसरली होती, शिवाय तिचा पती राजाकडे दाद मागेल हे भयही होते. चोराला ना लोकलाज होती, ना शिक्षेचे भय. अंधार होता, अलंकार होते आणि चोरी हाच त्याचा धंदा होता. तरी त्याने सोडले.

राजाचा तराजू येथे स्पष्ट दिसतो. तिघांची कृती बाहेरून सारखीच आहे. राजा विचारतो ते एवढेच, की हे करताना कोणाला काय सोडावे लागले, आणि कोणी पाहत नसताना कोण कसा वागला.

हाच तराजू जीमूतवाहनाच्या कथेत अधिक सूक्ष्म होतो. नागकुळाने गरुडाशी केलेल्या कराराप्रमाणे रोज एक नाग त्याचे भक्ष्य होतो. शंखचूड नावाच्या नागाची पाळी येते. त्याच्या आईचा आक्रोश ऐकून विद्याधर राजपुत्र जीमूतवाहन त्याच्या जागी शिळेवर जाऊन बसतो. शंखचूड तेव्हा समुद्रतीरी गोकर्णाच्या अंतिम दर्शनाला गेलेला असतो. परत येऊन पाहतो तो गरुड दुसऱ्यालाच घेऊन गेलेला. शंखचूड रक्ताच्या थेंबांचा माग काढत धावतो आणि गरुडाला ओरडून सांगतो, की तुझे भक्ष्य मी आहे, त्याला सोड. या दोघांत थोर कोण, या प्रश्नाला आपण सारे ‘जीमूतवाहन’ असेच उत्तर देऊ. हर्षाने ‘नागानंद’ नाटक लिहिले तेही त्याच्यावरच. राजा मात्र म्हणतो, शंखचूड. जीमूतवाहनाला जन्मोजन्मी देण्याचीच सवय होती, त्याने दिले यात आश्चर्य ते काय? शंखचूडाचे प्राण वाचले होते. त्याने काही मागितले नव्हते, कोणाला फसवले नव्हते, केवळ स्वस्थ राहिला असता तरी कोणी त्याला दोष दिला नसता. आयते मिळालेले जीवन परत करायला तो धावत गेला.

मित्रहो, आपल्यापैकी फारच थोडे जीमूतवाहन असतात. शंखचूड होण्याचे प्रसंग मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येतात. दुसऱ्याच्या वाट्याचे श्रेय चुकून आपल्या नावावर येते, हिशेबातली चूक आपल्या लाभाची ठरते, आपल्यावर यायचे संकट शेजाऱ्याच्या दारी जाते. अशा वेळी काही न करता लाभ होतो. पुढे जाऊन ‘हे माझे नव्हे’ किंवा ‘ते माझे होते’ एवढेच म्हणायचे असते. ते म्हणताना किती जड जाते, हे प्रत्येकाने आपल्यापुरते आठवून पाहावे.

परंतु आवडत्या पुस्तकावर प्रेम करणे म्हणजे त्यातील प्रत्येक निवाड्यावर शिक्का मारणे नव्हे. वर्गात मदनसेनेची कथा सांगून मी मुलांना निवाडा करायला सांगत असे. एका वर्षी मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, तिघांनी तिला फक्त सोडलं. शब्द पाळण्यासाठी रात्री एकटी चालली ती. तिचं नाव प्रश्नातच नाही.” वर्ग स्तब्ध झाला. खरोखर, चोरापुढे परत जाऊन उभे राहण्याइतके धैर्य त्या तिघांपैकी कोणाला दाखवावे लागले? राजाने ज्या तराजूने चोराला थोर ठरवले, तोच तराजू लावला तर पारडे मदनसेनेकडे झुकते. प्रश्न विचारणाऱ्याने कोणाला मोजायचे हे आधीच ठरवलेले असते, आणि उत्तराइतकाच प्रश्नही तपासावा लागतो, हे त्या मुलीने मला शिकवले.

वीरवराची कथाही अशीच मला अस्वस्थ करते. शूद्रक राजाच्या प्राणरक्षणासाठी हा सेवक देवीपुढे आपल्या पुत्राचा बळी देतो. दुःखाने मुलगी मरते, पत्नी चितेत उडी घेते, आणि शेवटी तो स्वतःचेही मस्तक उतरवतो. लपून हे पाहणारा राजा आपले मस्तक अर्पण करू लागतो, तेव्हा देवी प्रसन्न होऊन सर्वांना उठवते. वेताळाला विक्रम सांगतो, की शूद्रक श्रेष्ठ. कारण सेवकाने धन्यासाठी प्राण देणे हे कर्तव्यच, धन्याने सेवकासाठी देणे हे विशेष. सत्तेवर असलेल्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे, हे खरेच. पण त्या मुलाचे काय? स्वामिनिष्ठा कितीही थोर असली, तरी बापाने ती लेकराच्या मानेवर सुरी ठेवून सिद्ध करावी काय?

माझ्या मनातील या प्रश्नाचे उत्तर त्याच मालेतील दुसऱ्या एका कथेत मला सापडले. तेथे एका राजाला ब्रह्मराक्षसापासून आपला जीव वाचवण्यासाठी सात वर्षांच्या मुलाचा बळी द्यायचा असतो. धनाच्या मोबदल्यात एक ब्राह्मण दांपत्य आपला मुलगा देते. मुलगाही राजी असतो. आई हात धरते, बाप पाय धरतो, राजा शस्त्र उगारतो, आणि मुलगा हसतो. तो का हसला, असे वेताळ विचारतो. राजा उत्तर देतो, की भयात पडलेला दुबळा जीव आधी आईबापांना हाक मारतो, ते नसतील तर राजाला, आणि तोही नसेल तर दैवताला. येथे तिघेही हजर होते आणि तिघेही त्याच्या जिवावर उठले होते. तेही एका नाशवंत देहासाठी. त्या मोहाचे नवल वाटून तो हसला. एका कथेत जो बळी थोर ठरला, त्याचा दुसऱ्या कथेत असा पंचनामा झाला आहे. ही माला स्वतःशीच वाद घालते, म्हणूनच मी तिच्यावर विश्वास ठेवतो.

सिंह जिवंत करणाऱ्या चार भावांची कथा आपल्या परिचयाची आहे. एकाने हाडे आणली व जुळवली, दुसऱ्याने मांस-कातडे चढवले, तिसऱ्याने अवयव पूर्ण केले, चौथ्याने प्राण घातले, आणि उठलेल्या सिंहाने चौघांनाही मारले. पाप कोणाचे? राजा म्हणतो, चौथ्याचे. पहिल्या तिघांना ही हाडे कोणत्या प्राण्याची, हे ठाऊक नव्हते. चौथ्यासमोर सिंहाचे रूप पूर्ण उभे होते. ते पाहूनही, केवळ विद्येच्या प्रदर्शनासाठी, त्याने प्राण फुंकले. जबाबदारी ज्ञानाबरोबर वाढते. अणूपासून यंत्राच्या बुद्धीपर्यंत नवनव्या शक्ती हाती आलेल्या आपल्या काळात या निवाड्याचे महत्त्व मी वेगळे सांगायला नको.

येथून मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. वेताळाच्या अटीकडे आपण नीट पाहत नाही. उत्तर माहीत नसताना गप्प राहिले तर काहीच होत नाही. माहीत असून गप्प राहिले तर मस्तक फुटते. आणि बोलले तर हाती आलेले निसटते, सारे श्रम पुन्हा करावे लागतात. चोवीस कथांपैकी तेवीस प्रश्नांना राजाने उत्तर दिले आणि तेवीस वेळा त्याच्या खांद्यावरचे ओझे झाडावर परत गेले. ‘मला माहीत नाही’ एवढी एक थाप त्याला पुरली असती, असे आपल्याला वाटेल. ती त्याने एकदाही मारली नाही.

माझे एक ज्येष्ठ सहकारी होते. जे विद्यार्थी वर्षभर वर्गाकडे फिरकले नव्हते, त्यांची उपस्थिती पूर्ण दाखवणाऱ्या पटावर सर्वांनी सह्या कराव्यात, असे एका बैठकीत ठरत होते. खरे काय ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. या गृहस्थांनी आवाज चढवला नाही, कोणावर आरोप केला नाही. ते एवढेच म्हणाले, “माझी सही होणार नाही, आणि ती का होणार नाही हे इतिवृत्तात लिहावे.” पुढे जे पद क्रमाने त्यांच्याकडे यायचे होते, ते आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या तासाला ते नेहमीप्रमाणे खडू घेऊन उभे होते, आणि त्यानंतरही अनेक वर्षे. ते बोलले हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते कडवट न होता पुन्हा कामाला लागले हेही महत्त्वाचे. मस्तक फुटणे म्हणजे काय, हे मला त्या बैठकीत बसलेल्या इतरांकडे पाहून कळले. माणूस चालत-बोलत राहतो, पगार घेत राहतो. पण ज्याने निवाडा करायचा, ते आतले काहीतरी फुटलेले असते.

चारित्र्य हा शब्द आपण हल्ली फार ढोबळपणे वापरतो. व्यसन नाही, लाच नाही, म्हणजे चारित्र्य झाले. वेताळपंचविशीचे म्हणणे वेगळे आहे. जाणले ते बोलणे, बोलल्याची किंमत देणे, आणि किंमत दिल्याचा डांगोरा न पिटता पुन्हा झाडाकडे चालू लागणे, या तिन्ही गोष्टी मिळून तो राजा होतो. विक्रमाच्या तलवारीचा उपयोग या साऱ्या वाटेवर फारसा होत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

आणि मग शेवटचा प्रश्न येतो. एक राजा आणि त्याचा मुलगा वनात दोन पावलांच्या ठशांचा माग काढतात. मोठी पावले जिची, तिच्याशी बापाने विवाह करायचा आणि लहान पावलांच्या स्त्रीशी मुलाने, असे ठरते. प्रत्यक्षात मोठी पावले मुलीची आणि लहान आईची निघतात. दिलेल्या शब्दाप्रमाणे विवाह होतात. दोघींना जी मुले होतील, त्यांचे परस्परांशी नाते काय? राजा विचार करतो, त्याला उत्तर सुचत नाही, आणि तो गप्प चालत राहतो. तेवीस वेळा ज्ञानाने जे साधले नाही, ते या अज्ञानाच्या प्रामाणिक मौनाने साधते. वेताळ प्रसन्न होतो आणि रहस्य सांगतो. तो भिक्षू विद्याधरांच्या साम्राज्यासाठी राजाचाच बळी देणार आहे. साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा ‘आधी करून दाखवा’ म्हण. पुढे तसेच होते आणि राजा वाचतो.

मौनाचे दोन प्रकार येथे आपल्यापुढे येतात. माहीत असून धरलेले मौन मस्तक फोडते. माहीत नसताना राखलेले मौन प्राण वाचवते. आपल्या सार्वजनिक जीवनात नेमके उलटे चालते, असे मला वाटते. जे ठाऊक आहे त्याविषयी आपण सोयीने गप्प असतो, आणि जे ठाऊक नाही त्याविषयी तावातावाने बोलत असतो.

आणखी एक गोष्ट. त्या भिक्षूचे नाव क्षांतिशील, म्हणजे क्षमा व सहनशीलता हाच ज्याचा स्वभाव आहे तो. वस्त्र विरक्ताचे, हातात फळ, फळात रत्न, आणि मनात वध. उलट ज्याच्या नावाने मुले घाबरतात, तो प्रेतात वसलेला वेताळ वाटभर राजाला शहाणे करतो आणि अखेर वाचवतो. कोकणात आणि गोमंतकात वेताळाला गावाचा राखणदार म्हणून पुजतात, त्याची येथे आठवण होते. दहा वर्षे रोज फुकट रत्न देणाऱ्यापेक्षा वाटेत अडवून अवघड प्रश्न विचारणारा आपला हितकर्ता असू शकतो. आणि खरी क्षांती कोणाची? नाव ज्याचे होते त्याची नव्हे. पुनःपुन्हा त्या झाडापर्यंत न कुरकुरता गेलेल्या राजाची.

कथेच्या अखेरीस वर मागण्याची वेळ येते, तेव्हा राजा एवढेच मागतो, की या कथा जगात प्रसिद्ध व्हाव्यात आणि आदराने ऐकल्या जाव्यात. त्याचे ते मागणे शेकडो वर्षे माणसांनी पुरे केले आहे. ज्यांनी लिहिले त्यांनी, ज्यांनी भाषांतरे केली त्यांनी, आणि ज्यांनी पुस्तके सांभाळली त्यांनीही. महाराष्ट्रापासून दूर, शंभर वर्षे, वर्गणीच्या तुटपुंज्या पैशांत ज्यांनी हे ग्रंथालय उघडे ठेवले, त्यांचा त्यात वाटा आहे. येथून घरी नेलेले चांगले पुस्तक आपल्याला प्रश्न विचारून परत आपल्या कपाटात जाऊन बसते, आणि आपल्याला पुन्हा यावे लागते. तसे येत राहणारे वाचक पुढील शतकातही या संस्थेला लाभोत, अशी शुभेच्छा व्यक्त करतो.